सुधाकराची शोकांतिका, तळीरामाचा विनोद

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच वर्षाच्या जानेवारीत गडकरी वारले होते. बालगंधर्वांची सिंधू त्यांना पाहता आली नाही. तेव्हापासून आजतागायत शंभराहून अधिक वर्षे हे नाटक मराठी समाज पाहतो आहे, वाचतो आहे आणि मुख्य म्हणजे शिकवतो आहे. आमच्यापैकी बहुतेकांनी ते प्रथम विद्यार्थी म्हणून वाचले आणि पुढे अध्यापक म्हणून शिकवले. त्या शिकवण्याबद्दलच आम्हांला येथे तक्रार करायची आहे, आणि तीत आरोपी म्हणून आम्हीही उभे आहोत हे आरंभीच सांगितलेले बरे.

या नाटकावरचा ठरलेला प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे. सुधाकर हा शोकात्म नायक ठरतो काय? उत्तरही तितकेच ठरलेले. सुधाकर बुद्धिमान, मानी आणि तापट. न्यायासनाशी खटका उडतो, सनद सहा महिन्यांसाठी रद्द होते, अपमानाचे शल्य विसरण्यासाठी तो पहिला प्याला उचलतो आणि स्वभावातल्या एका दोषापायी मोठ्या उंचीवरून कोसळतो. मग अ‍ॅरिस्टॉटल येतो, ऑथेल्लो आणि हॅम्लेट येतात, नियती की स्वभाव हा वाद येतो. दहा गुणांच्या या उत्तरात सारे काही असते. नसते ते फक्त व्यसन. दारू ही नायकाला उंचीवरून खाली आणण्यासाठी नाटककाराने वापरलेली एक सोय आहे, तिच्या जागी मत्सर किंवा महत्त्वाकांक्षा असती तरी उत्तर फारसे बदलले नसते, अशीच आमची समजूत दिसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मराठी समीक्षेने व्यसनी माणसाकडे कधी पाहिलेच नाही. तिने नायकाकडे पाहिले, पतिव्रतेकडे पाहिले, विनोदी पात्राकडे पाहिले, पुढे कलंदर कवीकडे पाहिले. या चार प्रतिमांच्या आड जो एक आजारी माणूस उभा होता, तो तिला दिसला नाही. आणि ज्या वर्गात आम्ही ही प्रतिमापूजा करतो, त्याच वर्गाच्या बाकांवर तो माणूस, किंवा त्याची मुलगी, बसलेली असते.

*

पहिला मुद्दा तळीरामाचा. तळीराम हा सुधाकराचा कारकून. तोही दारूबाज. त्याचाही संसार उद्ध्वस्त झालेला आहे, त्याची बायको गीता हिच्याही वाट्याला हाल आलेले आहेत, आणि अखेर दारूनेच त्याचाही शेवट होतो. म्हणजे आजार तोच, वाट तीच, शेवटही जवळपास तोच. पण वकिलाच्या दारूला आम्ही शोकांतिका म्हणतो आणि कारकुनाच्या दारूला विनोद. 'आर्य मदिरा मंडळा'चे प्रवेश पाहताना प्रेक्षक पोट धरधरून हसतात, आणि समीक्षक गडकऱ्यांच्या कोटीबाज विनोदाची उदाहरणे तिथून उचलतात. रंगभूमीला ताण आणि सैलावणे या दोहोंची गरज असते हे आम्हांला कळते. गडकऱ्यांनी तळीराम हास्यास्पद रंगवला यात आमची तक्रार नाही. तक्रार ही की ही वाटणी एका नाटकापुरती न राहता आमची सामाजिक दृष्टीच होऊन बसली.

सुशिक्षित मनुष्य पितो तेव्हा त्याच्या पिण्याला कारण असते. त्याला दुःख असते, प्रतिभा असते, अपमान असतो. हातभट्टीची पिणाऱ्या मजुराच्या पिण्याला कारण नसते, त्याला फक्त सवय असते. मुंबईत विक्रोळीला २००४ मध्ये आणि मालवणीला २०१५ मध्ये विषारी दारूने माणसे मेली. मालवणीत मृतांची संख्या शंभराच्या वर गेली. त्या शंभरांपैकी एकाचाही 'शोकात्म नायक' म्हणून विचार झाल्याचे आम्हांला आठवत नाही. ते आकड्यात मेले. उंचीवरून पडणाऱ्यालाच पतन असते, ही जुन्या शोकात्मिकेची अट आम्ही इतक्या निमूटपणे स्वीकारली आहे की जो आधीच जमिनीवर होता तो कुठून आणि कसा पडला हे विचारण्याची गरजच आम्हांला भासत नाही.

आणि दारू काही आकाशातून पडत नाही. गडकऱ्यांच्या नाटकाआधी चाळीस वर्षे, १८७८ मध्ये, मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला आणि दारू ही सरकारी उत्पन्नाची पद्धतशीर बाब झाली. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. सुधाकराच्या हातातल्या प्याल्यापर्यंत ती दारू ज्या वाटेने आली, तिच्यात मक्ता होता, परवाना होता, तिजोरी होती. 'नियती की स्वभाव' या वादात आम्ही ही वाट कधी मोजली काय? आजही राज्याच्या उत्पन्नात दारूवरच्या कराचा वाटा मोठा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवली गेली. दारूबंदी असावी की नसावी यावर आमच्यात एकमत नाही, आणि तो या लेखाचा विषयही नाही. पण ज्याला आपण दैव म्हणतो त्यातले किती दैव आणि किती धोरण, एवढे तरी साहित्याच्या अभ्यासकाने विचारावे.

*

दुसरा मुद्दा भगीरथाचा. वर्गात विद्यार्थ्यांना विचारून पाहावे: 'एकच प्याला'मध्ये दारू सोडणारे पात्र कोणते? बहुतेकांना उत्तर येत नाही, कारण आम्ही ते सांगितलेले नसते. प्रेमभंगाने दारूकडे वळलेला भगीरथ रामलालच्या संगतीत येतो, दारू सोडतो आणि उभा राहतो. गडकऱ्यांनी ज्या नाटकात पहिल्या प्याल्यातून सुटका नाही असे बजावले, त्याच नाटकात सुटलेला एक माणूस ठेवला आहे. तो कसा सुटला? त्याला कोणीतरी माणूस मानले, त्याच्या हाताला काम दिले, त्याच्या जगण्याला आपल्या दुःखाबाहेरचा एखादा हेतू दिला. हे चित्रण भाबडे आहे, एका संभाषणात माणूस पालटतो हे खरे वाटत नाही, असे कोणी म्हणेल आणि ते योग्यच आहे. पण त्याच्याशेजारी सुधाकराचा तो प्रवेश ठेवून पाहावा, जिथे सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि कामासाठी जुन्या परिचितांच्या दारी जातो. तिथे त्याला मिळते ती हेटाळणी. तो परततो आणि पुन्हा प्याला उचलतो.

आज व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात याला पुनर्पतन म्हणतात आणि तो आजाराचाच एक भाग मानतात. निश्चय होता, तो मोडला, म्हणजे निश्चय खोटा होता असे नव्हे. मेंदूला वर्षानुवर्षे लागलेले वळण एका शपथेने जात नाही, आणि शपथ घेतलेल्या माणसाला परतायला घर, काम आणि चार माणसे नसतील तर ते वळण पुन्हा डोके वर काढते. गडकऱ्यांपाशी हे शास्त्र नव्हते. अमेरिकन वैद्यक संघटनेने मद्यासक्तीला आजार म्हटले तेच मुळी १९५६ मध्ये. पण नाटककाराच्या नजरेला ते दिसले होते. व्यसनाच्या अवस्थांची जी फोड सुधाकर रामलालपुढे करतो ती एखाद्या रुग्णाने स्वतःच्या आजाराचा इतिहास सांगावा तशी आहे. आम्ही त्या भाषणाला 'स्वगतसदृश, अलंकारप्रचुर' म्हणून गुण दिले आणि पुढे गेलो. सुधाकराला परत प्याल्याकडे ढकलणारे ते प्रतिष्ठित गृहस्थ नाटकात अगदी थोडा वेळ येतात. समीक्षेत तर ते येतच नाहीत. ते आले असते तर कदाचित आम्हांला आमचे चेहरे दिसले असते.

*

तिसरा मुद्दा सिंधूचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. सिंधू दळण दळते. भावाकडून पै घेत नाही, कारण नवऱ्याने तसे वचन घेतले आहे. मूल मारले जाते, ती स्वतः घायाळ होते, आणि मरणाच्या दारात फौजदारापुढे ती नवऱ्याला वाचवणारी जबानी देते. हा प्रवेश वाचताना आजही गळा दाटतो हे आम्ही नाकारत नाही. पण दाटलेल्या गळ्याने आम्ही शिकवतो ते काय? हे आर्य स्त्रीचे उदात्त दर्शन आहे, असे. शतकभर मराठी मुलींना वर्गात असे सांगितले गेले की व्यसनी पुरुषाच्या बायकोने मुलाच्या मृत्यूनंतरही खोटे बोलावे, आणि त्याला सौंदर्य म्हणावे.

व्यसनी माणसाबरोबर ज्यांनी काम केले आहे ते काही वेगळेच सांगतात. घरच्यांनी नवऱ्याचे कर्ज गुपचूप फेडणे, साहेबाला 'त्यांना ताप आहे' असा निरोप देणे, शेजाऱ्यांपासून मार लपवणे, यातून व्यसनाला मुदतवाढ मिळते. प्रेमातून घडते म्हणून त्याचा परिणाम बदलत नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. तिथे बायका एकमेकींना शिकवतात ते सिंधू न होण्याचे. त्यांनी नवऱ्याला सोडून द्यावे असा याचा अर्थ नाही. त्यांनी खोटे बोलणे सोडावे, स्वतःला आणि मुलांना जपावे, असा आहे. आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांनी तर याहून पुढचे पाऊल टाकले. उभी बाटली की आडवी बाटली, असे मतदान मागून आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारून त्यांनी आपल्या गावातली दुकाने बंद पाडली. सिंधूच्या या पणत्यांबद्दल मराठी नाट्यसमीक्षेने काय लिहिले आहे? खुद्द नाटकातही सिंधूच्या समोर गीता उभी आहे, नवऱ्याबद्दल परखड बोलणारी. पण तिचे बोलणे आम्ही तळीरामाबरोबर विनोदाच्या खात्यात टाकले.

*

चौथा मुद्दा आमच्या अंगणातला आहे. शरच्चंद्रांचा 'देवदास' १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला, 'एकच प्याला' दोन वर्षांनी रंगभूमीवर आला. सुधाकराने निदान प्रेक्षकाला भय घातले. देवदासाने मोह घातला. चित्रपटांनी तो मोह घरोघरी नेला आणि साहित्यिकांच्या वर्तुळात त्याची एक स्वतंत्र आवृत्ती निघाली: पिणारा कवी. संमेलनांच्या रात्री, मासिकांच्या कचेऱ्यांत, पुस्तकप्रकाशनानंतरच्या बैठकींत अमुक कवीने पिऊन काय केले याच्या कथा रंगवून सांगितल्या जातात. आम्हीही सांगितल्या आहेत, ऐकून हसलो आहोत. त्या कथांत कवीची बायको कधी बोलत नाही. त्याची मुले शाळेची फी कशी भरत होती हे कधी येत नाही. शेवटची दोन वर्षे त्याला एक ओळही लिहिता आली नाही, हेही येत नाही. मृत्यूलेखात 'दीर्घ आजाराने' एवढे दोन शब्द येतात, आणि तो आजार कोणता हे ठाऊक असलेले सारे जण माना खाली घालून ते वाचतात.

प्रतिभा आणि नशा यांचे नाते जोडणाऱ्यांना आम्ही एकच विचारू इच्छितो. जे पिऊन लिहू शकले त्यांची नावे तुम्हांला पाठ आहेत. जे पिण्यामुळे लिहू शकले नाहीत त्यांची नावे कोणाला पाठ आहेत? ती यादी अर्थातच कुठे नाही. लिहिले न गेलेले पुस्तक ग्रंथालयात सापडत नाही.

आमच्यापैकी एकाच्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी होता. कविता करायचा, बऱ्या करायचा. पहिल्या रांगेतून मागच्या बाकावर गेला, मग आठवड्यातून दोन दिवस येऊ लागला, मग येईनासा झाला. त्याच्या हातांचा कंप आणि डोळ्यांखालची वर्तुळे आम्ही पाहिली होती. आम्ही काय म्हटले? 'कवी आहे, चालायचेच.' तो गर्दच्या पुड्या घेत होता हे पुढे कळले. तो आज हयात आहे, पण ते आमच्यामुळे नव्हे. त्याच्या आईने त्याला उपचाराला नेले. तिने 'देवदास' वाचला नसावा.

*

मग मराठीत या विषयावर खरे लेखन झालेच नाही काय? झाले आहे, पण ज्याला आम्ही साहित्य म्हणतो त्याच्या कुंपणाबाहेर किंवा कडेला. अनिल अवचटांनी १९८०च्या दशकात 'गर्द'विषयी लिहिले तेव्हा ब्राऊन शुगर मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत पोचलेली होती. पन्नीवर पूड ठेवून, खाली काडी धरून, धूर ओढणारी मुले त्यांनी पाहिली, त्यांच्याशी ते बोलले. नशा उतरू लागली की येणारी 'टर्की', म्हणजे नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, अंगावर काटा, पोटात पिळवटणारे गोळे, झोपेचा पत्ता नाही, हे त्यांनी त्या मुलांच्याच शब्दांत टिपले. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैसे देऊ केले, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. मराठी गद्याच्या इतिहासात लेखनातून इतके थेट काही उभे राहिल्याची उदाहरणे थोडी आहेत. तरीही 'गर्द' हे पुस्तक गद्यशैलीचा नमुना म्हणून अभ्यासक्रमात क्वचितच येते. ते 'सामाजिक' म्हणून वेगळ्या फडताळात जाते.

तसेच दलित आत्मकथनांचे. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) वडिलांची दारू आहे. ती शोकात्म नाही, विनोदी नाही, उदात्तही नाही. ती घरात आहे, भाकरीच्या शेजारी. मुलगा बापाकडे पाहतो आहे आणि त्याला बापाचा राग येतो, दयाही येते. व्यसनाचे इतके सरळ चित्रण आमच्या मध्यमवर्गीय नाटकांना जमले नाही. पण आम्ही 'बलुतं' शिकवताना जातीचे प्रश्न विचारतो, आणि 'एकच प्याला' शिकवताना दारूचे. दोहोंची गाठ कुठे पडते हे विचारायला दोन्ही तासिका संपलेल्या असतात.

*

यावर दोन आक्षेप येतील हे आम्ही जाणतो.

पहिला असा की साहित्य म्हणजे आरोग्यखात्याचे पत्रक नव्हे. सुधाकराला 'रुग्ण' म्हटले की शोकांतिका संपली, उरला तो रोगवृत्तान्त. आम्हांला हे मान्य नाही. आजार म्हटल्याने जबाबदारी नाहीशी होत नाही आणि शोकही कमी होत नाही. उलट तो वाढतो. स्वभावदोषामुळे कोसळलेल्या माणसाबद्दल आपण हळहळतो आणि घरी जातो. जो सुटू शकत होता, सुटण्याच्या उंबरठ्यापर्यंत आला होता आणि ज्याला चार प्रतिष्ठितांनी दारातून हाकलले, त्याच्याबद्दल हळहळून घरी जाता येत नाही. वरचा प्रवेश आम्ही म्हणतो तसा वाचला, तर नाटक लहान होते की मोठे, हे आक्षेपकांनीच ठरवावे.

दुसरा आक्षेप असा की हे सारे जुने झाले, आजची पिढी या नाटकापासून दूर गेली आहे. पिढी नाटकापासून दूर गेली असेल, प्याल्यापासून नाही. केंद्र सरकारच्या वतीने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के भारतीय दारू पितात, आणि सुमारे पावणेसहा कोटी लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचे त्याच पाहणीत नोंदले आहे. हुंगण्याच्या द्रव्यांचे प्रमाण तर प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आढळले. तंबाखूचे विचारावे तर २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे निघाले. मळून दाढेखाली धरलेल्या त्या चिमटीला आम्ही व्यसन म्हणतही नाही. ३८ मधले ३७ कुठे जातात? त्यांतले काही आमच्या वर्गात येतात, काही आमच्या अध्यापक-कक्षात बसतात.

म्हणून आमची मागणी फार मोठी नाही. 'एकच प्याला' अभ्यासक्रमातून काढा असे आम्ही म्हणत नाही. ते राहावे, आणि नीट वाचले जावे. 'सुधाकर शोकात्म नायक आहे काय' हा प्रश्न काही वर्षे विश्रांतीला पाठवावा. त्याच्या जागी विचारावे: भगीरथ सुटतो आणि सुधाकर सुटत नाही, यात दोघांभोवतीच्या माणसांचा वाटा किती? तळीरामाच्या मृत्यूवर आपण का रडत नाही? सिंधूने फौजदाराला खरे सांगितले असते तर नाटकाचे काय झाले असते? सोबत 'गर्द'मधले एखादे प्रकरण आणि 'बलुतं'मधली वडिलांबद्दलची पाने वाचायला द्यावीत. आणि तास संपल्यावर अध्यापकाने आणखी पाच मिनिटे वर्गात थांबावे. या प्रश्नांची उत्तरे ज्याला पुस्तकातून शोधावी लागत नाहीत असा एखादा विद्यार्थी बहुधा मागे रेंगाळेल. त्याच्याशी काय बोलायचे याची तयारी आपण कोणत्याही पदवीच्या वर्गात केलेली नाही. निदान 'चालायचेच' असे म्हणू नये, आणि जवळच्या उपचारकेंद्राचा पत्ता आपल्यापाशी असावा.